स्तनाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी : कोणीं, केव्हां आणि कां?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं व्याख्यानमालेंतील एक दिवस स्त्रियांच्या आरोग्यासाठीं राखून ठेवावा असें महोत्सव-समितीनें ठरविलें आणि त्या दिवशीं बोलण्याचा मान आम्हांस दिला, याबद्दल समितीचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतों. महोत्सव म्हटला म्हणजे मागें वळून झालेल्या कार्याचा हिशेब घ्यावयाचा आणि पुढें पाहून होणाऱ्या कार्याचा संकल्प करावयाचा. पन्नास वर्षांत या धर्मग्रामानें जें जें उभारलें, त्यांत मातांचा व भगिनींचा वांटा पुरुषांहून तिळमात्र कमी नाहीं. परंतु ज्या हातांनीं सर्वांच्या ताटांत वाढलें, त्या हातांच्या धनिणीची प्रकृति कशी आहे, हें मात्र घरांत सर्वांत शेवटीं विचारलें जातें. आणि पुष्कळदां विचारलेंच जात नाहीं. आमचें आजचें भाषण त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयीं आहे.

विषय नाजूक खरा. देवालयाच्या सभागृहांत स्तनाच्या रोगाचा उच्चार करावा कीं नाहीं, अशी शंका कोणाच्या मनांत आली असल्यास तिचें उत्तर आपल्या ख्रिस्तसभेनें फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. सिसिली बेटांतील कातानिया नगरीची कुमारी संत अगाथा ही तिसऱ्या शतकांत धर्मासाठीं हुतात्मा झाली. छळ करणाऱ्यांनीं तिचे स्तन कापले अशी परंपरा आहे, आणि म्हणून या अवयवाच्या रोगानें पीडलेल्या स्त्रिया तिचा धांवा करतात. मिस्साच्या रोमन कानोनांत तिचें नांव आजही घेतलें जातें. जें नांव वेदीपाशीं मोठ्यानें उच्चारलें जातें, तिच्या दुःखाविषयीं सभेंत बोलतांना लाज बाळगण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

प्रथम रोगाचा विस्तार किती तें पाहूं. आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें २३ लाख स्त्रियांस हा रोग नव्यानें झाला आणि सुमारें ६ लाख ७० हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. त्याच वर्षीं भारतांत नवे रुग्ण सुमारें १ लाख ९२ हजार, आणि मृत्यू सुमारें ९८ हजार. हे आंकडे शेजारीं ठेवून वाचावे. जगांत सुमारें साडेतीन नव्या रुग्णांमागें एक मृत्यु, तर आमच्या देशांत दोघींमागें एक. हा मेळ अगदीं काटेकोर नव्हे, कारण ज्या वर्षीं रोग झाला त्याच वर्षीं मृत्यु येतो असें नाहीं. तरीपण त्यांतील बोध चुकण्यासारखा नाहीं. आमच्या भगिनी डॉक्टरकडे उशिरां जातात आणि घेतलेला उपचार पुष्कळदां अर्ध्यावर सोडतात. रोगाचें बळ तेंच. वेळ मात्र आमच्या हातून निसटते.

ही वेळ हातीं लागावी म्हणून जीं साधनें निघालीं, त्यांत मॅमोग्राफी हें मुख्य होय. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचें क्ष-किरणांनीं घेतलेलें चित्र. रेंटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लाविला. १९१३ सालीं बर्लिन येथील शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमोन यांनीं शस्त्रक्रियेनें काढलेल्या स्तनांचीं क्ष-किरण-चित्रें घेऊन रोगाच्या खुणा त्यांत कशा उमटतात याचा अभ्यास केला. पुढें १९६३ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें ४० ते ६४ वर्षें वयाच्या सुमारें ६२ हजार स्त्रियांचे दोन गट करण्यांत आले. एका गटास दरवर्षीं हातानें तपासणी व मॅमोग्राफी यांचें आमंत्रण दिलें, दुसऱ्यास नेहमींप्रमाणें राहूं दिलें. दहा वर्षांनीं पाहतां पहिल्या गटांत या रोगाचे मृत्यू सुमारें तीस टक्क्यांनीं कमी आढळले. १९७७ मध्यें सुरू झालेल्या स्वीडनमधील दोन प्रांतांच्या प्रयोगाचा निष्कर्षही जवळजवळ तसाच निघाला. तो १९८५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून अनेक देशांनीं आपापले नियम आंखले.

नियमांकडे वळण्यापूर्वीं एक भेद मनावर ठसविणें अगत्याचें आहे. आजच्या सभेंतून इतकें एकच घरीं नेलें तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं. तो भेद असा : जिला कांहींच त्रास नाहीं अशा निरोगी स्त्रीची तपासणी निराळी, आणि जिला कांहीं खूण जाणवली आहे तिची तपासणी निराळी. पहिलीस पूर्वतपासणी किंवा स्क्रीनिंग म्हणतात, आणि वयाचे व कालावधीचे जेवढे नियम आपण ऐकतों ते सर्व या पहिलीसाठींच आहेत. दुसरीला कोणताही नियम लागू नाहीं. तिचें वय पंचवीस असो वा पंचाहत्तर, गेल्याच महिन्यांत मॅमोग्राम निर्दोष आलेला असो वा नसो, तिनें त्याच आठवड्यांत डॉक्टरकडे जावें.

ह्या खुणा कोणत्या? स्तनांत किंवा कांखेंत नवी गांठ लागणें. कातडीवर खळी पडणें. संत्र्याच्या सालीसारखी कातडी जाड व छिद्रयुक्त दिसूं लागणें. स्तनाग्र आंत ओढलें जाणें किंवा त्यावर न भरणारें चट्टे येणें. स्तनाग्रांतून आपोआप, विशेषतः रक्तमिश्रित, स्राव होणें. एका स्तनाचा आकार अलीकडे बदललेला दिसणें. येथें एक घातक समजूत सांगितली पाहिजे. “दुखत नाहीं, म्हणजे काळजीचें कारण नाहीं,” असें आमच्या वाड्यावस्त्यांत सर्रास बोललें जातें. वस्तुतः या रोगाची गांठ बहुधा आरंभीं दुखत नाहीं. दुखलें असतें तर बिचारी केव्हांच धांवत आली असती. दुखत नाहीं म्हणूनच ती मुलाचें लग्न, भाताची कापणी, नाताळ, असें एकेक निमित्त पुढें करून वर्ष घालविते.

आतां निरोगी स्त्रियांसाठीं असलेल्या नियमांकडे येऊं. इंग्लंडांत प्राध्यापक फॉरेस्ट यांच्या समितीनें १९८६ सालीं अहवाल दिला आणि १९८८ पासून तेथें सरकारी योजना चालूं झाली. तेथील प्रत्येक स्त्रीस पन्नाशी ओलांडल्यावर एकाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनीं मॅमोग्राफीचें आमंत्रण मिळतें. अमेरिकेंतील प्रतिबंधक सेवा कार्यदलानें २००९ सालीं ५० ते ७४ या वयांत दर दोन वर्षांनीं तपासणी सुचविली होती, आणि चाळिशींतील स्त्रीनें आपल्या परिस्थितीप्रमाणें निर्णय घ्यावा असें म्हटलें होतें. २०२४ च्या एप्रिलांत त्यानें हा नियम बदलून ४० व्या वर्षापासून ७४ पर्यंत दर दोन वर्षांनीं, असा केला. पंचाहत्तरीच्या पुढें निर्णय देण्याइतका पुरावा नाहीं असेंही तें कार्यदल सांगतें. त्याच देशांतील अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा २०१५ सालचा सल्ला असा कीं, ४० ते ४४ या वयांत इच्छा असल्यास आरंभ करावा, ४५ ते ५४ पर्यंत दरवर्षीं तपासणी करावी, आणि ५५ नंतर दर दोन वर्षांनीं केली तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं, जेथें उपचाराची व्यवस्था उत्तम आहे अशा देशांपुरतें, ५० ते ६९ या वयांत दर दोन वर्षांनीं, असें सांगितलें.

हें ऐकून कोणी म्हणेल, “विद्वानांचेंच एकमत नाहीं, तर आम्ही अडाण्यांनीं काय करावें?” परंतु मतभेद आहे तो आरंभ कोणत्या वर्षीं करावा आणि किती अंतरानें करावा, एवढ्यापुरताच. पन्नास ते एकोणसत्तर या वयांत पूर्वतपासणीचा लाभ आहे, याविषयीं या चारही ठिकाणीं दुमत नाहीं. त्याखालच्या वयांत मतें भिन्न होतात, त्याचीं कारणें साधीं आहेत. तरुणपणीं स्तनाचे ऊतक घट्ट असतें. क्ष-किरण-चित्रांत तें पांढरें दिसतें, आणि रोगाची गांठही पांढरीच दिसते. धुक्यांत पांढरा बगळा शोधावा तशी ती अवस्था होते. शिवाय त्या वयांत रोगाचें प्रमाण कमी; म्हणून एक खरा रोगी सांपडण्यासाठीं अनेक निरोगी स्त्रियांस विनाकारण परत बोलवावें लागतें. वय वाढतें तसें ऊतक सैल होतें, रोगाचें प्रमाण वाढतें, आणि यंत्राची नजर अधिक स्वच्छ होते.

तपासणीचा तोटा मुळींच नाहीं असें सांगणें हा अप्रामाणिकपणा होईल. इंग्लंडांत शंभर स्त्रियांची मॅमोग्राफी केली म्हणजे सुमारें चौघींस पुढील तपासणीसाठीं परत बोलावितात, आणि त्या चौघींपैकीं सुमारें एकीसच कर्करोग निघतो. बाकीच्या तिघींनीं मधले दिवस झोपेविना काढलेले असतात. म्हणून परत बोलावणें आलें म्हणजे कर्करोग झालाच असें मुळींच समजूं नये. दुसरा तोटा याहून सूक्ष्म आहे. कांहीं कर्करोग इतके संथ असतात कीं, ते तपासणीनें उघड झाले नसते तर त्या स्त्रीला जन्मभर त्रास न देते. परंतु एकदां दिसल्यावर तो संथ कीं उग्र हें खात्रीनें सांगतां येत नाहीं, आणि शस्त्रक्रिया करावी लागते. सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीनें २०१२ सालीं याचा हिशेब मांडला. पन्नास वर्षें वयाच्या दहा हजार स्त्रियांस वीस वर्षें तपासणीचें आमंत्रण दिलें, तर या रोगाचे सुमारें ४३ मृत्यू टळतात, आणि सुमारें १२९ स्त्रियांस न करतां चालली असती अशी चिकित्सा सोसावी लागते. तराजूचीं दोन्ही पारडीं पाहून समितीनें योजना चालूं ठेवावी असाच निर्णय दिला. पण स्त्रीला दोन्ही बाजू सांगितल्याच पाहिजेत, असें बजावलें. आम्हीही तेंच म्हणतों. समजून घेऊन दिलेला होकार खरा होकार.

येथवर परदेशची गोष्ट झाली. आपल्या देशाचा अनुभव काय? पश्चिम रेल्वेच्या गाडींतून उतरून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची वाट ज्यांनीं धरलेली नाहीं, अशीं घरें आपल्यांत थोडींच असतील. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेल्या या संस्थेंतील डॉ. इंद्रनील मित्र व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं मुंबईंतील झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या, ३५ ते ६४ वर्षें वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा एक प्रयोग आरंभिला. त्यांत यंत्र नव्हतें. खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं एका गटांतील स्त्रियांचे स्तन हातानें तपासीत. दुसऱ्या गटास केवळ रोगाविषयीं माहिती देण्यांत आली. वीस वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटांत रोग वाढलेल्या अवस्थेंत सांपडण्याचें प्रमाण ३७ टक्के होतें, दुसऱ्या गटांत ४७ टक्के. सर्व वयांचा एकत्र विचार करतां मृत्यू १५ टक्क्यांनीं कमी दिसले, पण गणितशास्त्राच्या कसोटीवर हा फरक खात्रीचा ठरला नाहीं. पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनीं कमी झाले, आणि हा फरक कसोटीस उतरला.

बंधुभगिनींनो, या निष्कर्षाचें मोल आमच्या धर्मग्रामासारख्या वस्तीस फार आहे. महागडें यंत्र दाराशीं नाहीं म्हणून हात जोडून बसण्याचें कारण नाहीं; शिकलेले दोन हात आणि नेमानें येणारा दिवस यांचीही शक्ति मोठी आहे. भारत सरकारनें २०१६ सालीं जो आराखडा घालून दिला, त्यांतही ३० ते ६५ वर्षें वयाच्या प्रत्येक स्त्रीचे स्तन शिकलेल्या आरोग्यसेवकाकडून दर पांच वर्षांनीं हातानें तपासले जावे असेंच सांगितलें आहे. सर्व स्त्रियांस मॅमोग्राफीचें आमंत्रण देणारी देशव्यापी सरकारी योजना आपल्याकडे नाहीं. जी करून घेते ती स्वतःच्या इच्छेनें व बहुधा स्वतःच्या खर्चानें. म्हणून आमच्या भगिनींसाठीं या सर्वांचें सार आम्ही असें काढतों.

तीस वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक भगिनीनें आपल्या स्तनांचें नेहमींचें स्वरूप ओळखून ठेवावें, आणि आरोग्य केंद्रांत किंवा ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे हातानें तपासून घ्यावें. विशेष धोका नसतां चाळिशीच्या आंत मॅमोग्राफी करूं नये. चाळीस ते एकोणपन्नास या दशकांत डॉक्टरांशीं बोलून, लाभ व तोटा समजून घेऊन, आरंभ करावा कीं थांबावें हें ठरवावें. भारतांत हा रोग पाश्चात्य देशांच्या मानानें कमी वयांत पुष्कळदां दिसतो, हें त्या वेळीं लक्षांत असूं द्यावें. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत, जिला शक्य आहे तिनें दर दोन वर्षांनीं मॅमोग्राफी करावी. सत्तरीच्या पुढें प्रकृति उत्तम असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें चालूं ठेवावी. इतर गंभीर आजारांनीं शरीर थकलें असेल तर हा भार त्यावर घालूं नये.

कांहीं भगिनींचा मार्ग याहून निराळा आहे. जिची आई, बहीण किंवा मुलगी यांस हा रोग, विशेषतः पन्नाशीच्या आंत, झालेला आहे. जिच्या घराण्यांत अंडाशयाचा कर्करोग किंवा एखाद्या पुरुषास स्तनाचा कर्करोग झालेला आहे (कारण पुरुषांसही तो क्वचित् होतो). किंवा जिच्या छातीवर तरुणपणीं किरणोपचार झालेले आहेत. तिनें चाळिशीची वाट न पाहतां तज्ज्ञांस भेटावें. १९९४ व १९९५ सालीं ओळखल्या गेलेल्या दोन जनुकांतील दोष आईकडून किंवा बापाकडून मुलीकडे येऊं शकतो, आणि अशा स्त्रियांसाठीं तिशीपासून दरवर्षीं मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआय तपासणी सांगितली जाते. परंतु “आमच्या घराण्यांत कोणाला नाहीं” म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. ज्यांना हा रोग होतो त्यांतील बहुसंख्य स्त्रियांच्या घराण्यांत तो पूर्वीं कोणासही झालेला नसतो.

येथें आमच्या पूज्य धर्मभगिनींस एक विनंती. अठराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या विख्यात वैद्यानें, निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर लिहितांना, मठवासी भगिनींत स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो असें नमूद करून ठेविलें आहे. गर्भधारणा व स्तनपान यांनीं या रोगापासून कांहीं अंशीं रक्षण मिळतें, हें त्याचें कारण आज आपणांस ठाऊक आहे. २००२ सालीं तीस देशांतील अभ्यास एकत्र करून पाहतां, आईनें एकूण बारा महिने अंगावर पाजल्यास तिचा धोका सुमारें ४.३ टक्क्यांनीं घटतो असें आढळलें. मातांनीं हें ऐकून संतोष मानावा. आणि ज्यांनीं आपलें मातृत्व परमेश्वराच्या सेवेस वाहिलें, त्यांनीं दुसऱ्यांच्या शुश्रूषेंत स्वतःची तपासणी विसरूं नये. मठाच्या वरिष्ठांनींच ही तारीख ठरवून द्यावी, म्हणजे कोणा भगिनीस ती मागून घेण्याचा संकोच पडणार नाहीं.

आतां तपासणीच्या दिवसाविषयीं दोन शब्द. पाळी चालूं असलेल्या भगिनीनें पाळीनंतरच्या आठवड्यांत जावें. त्या वेळीं स्तन कमी हळवे असतात. त्या दिवशीं कांखेंत किंवा छातीवर पावडर, अत्तर वा मलम लावूं नये, कारण त्यांचे कण चित्रांत रोगाच्या खुणांसारखे उमटूं शकतात. साडी-पोलकें किंवा सलवार-कमीज असा, फक्त वरचा भाग उतरवितां येईल असा पोषाख करावा. पूर्वींचीं चित्रें असतील तर बरोबर न्यावीं. नव्याजुन्याची तुलना हा परीक्षकाचा मोठाच आधार असतो. स्त्री कर्मचारी असावी अशी इच्छा असल्यास वेळ ठरवितांनाच विचारावें. प्रत्येक स्तन दोन पट्ट्यांमध्यें कांहीं सेकंद दाबून, बहुधा दोन दिशांनीं चित्र घेतात. दाब पडतो, कांहींना दुखतें; पण चटणी वाटतांना हाताला जेवढा वेळ श्रम होतात, त्याहूनही तो त्रास अल्पकाळाचा. किरणांचें भय पुष्कळांस वाटतें. परंतु दोन्ही स्तनांच्या चित्रांस लागणारा किरणांचा अंश, निसर्गांतून सुमारें सात आठवड्यांत आपल्या अंगीं येणाऱ्या अंशाइतकाच असतो. ऊतक घट्ट असल्यास सोनोग्राफीही करावयास सांगतात. संशय वाटल्यास बारीक सुईनें तुकडा काढून पाहतात. “सुई टोंचल्यानें रोग पसरतो,” ही समजूत खोटी आहे. त्या भीतीनें सुई टाळणें मात्र खरोखर प्राणावर बेततें. आणि मॅमोग्राम निर्दोष आला तरी पुढें गांठ लागल्यास पुन्हां जावेंच. सुमारें आठ कर्करोगांपैकीं एक या चित्रांत दिसत नाहीं.

इतकें सर्व ठाऊक असूनही आमच्या भगिनी कां जात नाहींत? त्यांना अक्कल नाहीं म्हणून नव्हे. पहांटेच्या गाडीनें भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन दादर गांठणारी आमची माउली हिशेबाला कोणाला हार जाणारी नाहीं. पण एक दिवस रुग्णालयांत गेला म्हणजे एक दिवसाची विक्री गेली. तपासणीचे पैसे म्हणजे नातवाची फी. आणि नवऱ्यापाशीं हा विषय काढावा कसा, ही लाज निराळीच. या ठिकाणीं आमच्या बंधूंस आमचें स्पष्ट सांगणें आहे. बैल लंगडला तर तुम्ही त्याच दिवशीं वैद्य आणतां. बाईनें गांठ दाखविली तर “पुढच्या महिन्यांत पाहूं” म्हणूं नका. तिनें दाखविण्यापूर्वीं तुम्हीच विचारा, आणि बरोबर जा. महाराष्ट्रांत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीं कर्करोगाच्या उपचारास साहाय्य मिळतें; तेव्हां खर्चाच्या भीतीनें निदान टाळणें शहाणपणाचें नाहीं.

इंग्लंडांतील योजनेचें बळ यंत्रांत आहे तसेंच एका साध्या गोष्टींत आहे : तेथें प्रत्येक स्त्रीच्या नांवानें घरीं पत्र येतें. “अमुक बाई, अमुक दिवशीं आपली तपासणी आहे,” असें तिला कोणीतरी आठवणीनें कळवितें. आमच्या देशांत असें पत्र येत नाहीं. मग तें पाठविणार कोण? सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षीं आपल्या महिला-मंडळानें हें काम हातीं घ्यावें अशी आमची सूचना आहे. दरवर्षीं ५ फेब्रुवारीस, संत अगाथा हिच्या सणाच्या आठवड्यांत, तीस वर्षांवरील प्रत्येक भगिनीस तिच्या वयाला अनुरूप असा सल्ला लिहिलेलें एक पत्र बंद पाकिटांतून घरपोंच जावें. लग्नाच्या व बाप्तिस्म्याच्या पत्रिका आपण एकही घर न चुकवितां वांटतों. मग हें पत्र कां चुकावें?

मात्र हें कार्य करतांना तीन पथ्यें पाळावीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ पासून या रोगाविरुद्ध जो उपक्रम चालविला आहे, त्यांतही तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : निदान झालेल्यांपैकीं निदान साठ टक्के स्त्रियांचा रोग आरंभींच्या अवस्थेंत सांपडावा, तक्रार घेऊन आल्यापासून साठ दिवसांत निदान पुरें व्हावें, आणि किमान ऐंशीं टक्के रुग्णांनीं उपचार पूर्ण करावा. त्याप्रमाणें, पहिलें पथ्य असें कीं, माहिती सर्वांना द्यावी, पण कोणाच्या अंगीं काय निघालें हें चार भिंतींबाहेर जाऊं देऊं नये; एकदां चर्चा झाली कीं दुसऱ्या वर्षीं कोणीही येणार नाहीं. दुसरें, एक दिवसाचें शिबिर भरवून, फोटो काढून स्वस्थ बसूं नये. जिच्यांत संशय निघाला तिला पुढें कोणत्या रुग्णालयांत, कोणत्या दिवशीं, कोणाबरोबर पाठवावयाचें हें ठरल्याशिवाय शिबिर भरवूंच नये. तिसरें, जिचा उपचार चालूं झाला तिची पाळत घ्यावी. औषधाच्या फेऱ्या पुष्कळ असतात. केंस गळतात, जेवण जात नाहीं, आणि “आतां पुरे” असें वाटूं लागतें. त्या दिवशीं दोन शेजारणींनीं तिच्या चुलीवर भात चढवावा आणि तिसरीनें तिच्याबरोबर गाडींत बसावें. एवढें झालें तर ती उपचार अर्ध्यावर सोडणार नाहीं.

आम्ही नियम सांगितले, आंकडे सांगितले. ते लक्षांत राहिले नाहींत तरी पत्रांत लिहून येतील. लक्षांत ठेवावयाचें तें थोडेंच आहे. जिला खूण जाणवली तिनें थांबूं नये. जिला जाणवली नाहीं तिनें आपल्या वयाची वेळ चुकवूं नये. आणि घरांतील कोणीही तिला एकटें पाठवूं नये. पुढील पन्नास वर्षांनीं जेव्हां या धर्मग्रामाचा शतकमहोत्सव होईल, तेव्हां आज येथें बसलेल्या तरुण भगिनींपैकीं पुष्कळजणी पांढऱ्या केंसांनीं पहिल्या रांगेंत बसलेल्या दिसाव्या, अशी परमेश्वरचरणीं आमची प्रार्थना आहे.